बसडक्टवरचं दही

आमच्या घाटंजीच्या कापसाच्या जिनिंगात ट्रान्सफॉर्मरपासून मशीनींपर्यंत पत्र्याचा एक लांब, बंद डबा कँटीनच्या भिंतीवरून जाते. त्याले बसडक्ट म्हणतात. आत तांब्याच्या जाड पट्ट्या हायेत, त्यातून सारी वीज जाते. मशीनी चालल्या का डबा कोमट होते. हे मले नौशाद वायरमननं सांगतलं, अन् थंडी लागल्यापासून मी कँटीनवाली विरजणाचा गंज, म्हणजे दह्याचं पातेलं, रातभर त्या डब्यावरच ठेवाले लागली.

सुपरवायझर ढोक साहेब रोज बोंबलते, "मावशी, गंज खाली काढा! हे काय दह्याची जागा हाय?" अन् दुपारी तोच माणूस दोन वाट्या दही हाणते.

काल जिनिंगचे मालक शेठ कँटीनात जेवाले बसले. बाजूले ढोक साहेब छाती फुगवून सांगून राह्यले होते, "शेठ, रातभर मशीनी चालल्या. एक मिनिट बंद नाही."

मी वाटी ठेवली. शेठनं चमचा घातला, तर निव्वळ दूध.

"मावशी, हे काय व?"

"मले कायले विचारता? साहेबाले विचारा," मी म्हटलं. "मशीनी रातभर चालल्या म्हणतात, अन् सकाळी डबा तर थंडगार होता. मंग दही लागन कसं?"

साहेब ताटावरून उठले.

आज सकाळी दही असं घट्ट लागलं का चमचा उभा राहीन. खुशीत गंज उचलला, तर डबा थंडच, अन् गंजाखाली ढोक साहेबाची गरम पाण्याची पिशवी.

दुपारी ती मी शेठच्या ताटात वाढली. दह्याच्या बाजूले.