होकाराच्या आधी

अंडं चांदीच्या वाटीत होतं. नेहमीसारखंच, थोडं जास्त उकडलेलं. पण टवका उडालेली पांढरी चिनी मातीची वाटी, जिच्यातून ते तीन वर्षं वर तिच्या खोलीत येत होतं, ती आज नव्हती, आणि या वाटीच्या पोटावर दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली होती – घरमालक मिस्टर थर्लोंच्या वारलेल्या पत्नीच्या नावाची. ऑनर पेल चमचा हातात धरून त्या अक्षरांकडे बघत राहिली. म्हणजे खाली कळलंय... खाली स्वयंपाकघरात ठरूनसुद्धा गेलंय, आणि मी अजून...

"ही वाटी कुणी काढली, केझाया?"

"डनेजबाई म्हणाल्या, आता हीच न्यायची, बाईसाहेब." डनेजबाई म्हणजे घराची कारभारीण.

बाईसाहेब! कालपर्यंत हीच पोरगी ट्रे आदळून खिडकीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसायची, आणि "मिस, आपले पाद्रीबाबा शिंकले तरी माणसं 'आमेन' म्हणतात हो," असलं काहीतरी सांगून हसवायची.

"बस ना जरा."

"नको. बरं नाही दिसत ते आता," केझाया म्हणाली, आणि पाठ न दाखवता दारातून मागच्या मागे गेली.

घरात राहून मुलांना शिकवणाऱ्या गव्हर्नेसला घरात जागा नसते – खाली नोकरांत नाही, वर मालकांत नाही – हे ऑनरला दहा वर्षांत पाठ झालं होतं. लीड्सचं घर, मग हल शहरातलं, मग समुद्रावरचं हे हॉलिन हाउस. प्रत्येक खोलीत पलंगाच्या पायथ्याशी तिची ट्रंक, आणि वाईट दिवशी त्या ट्रंकेवर नुसता हात ठेवला तरी धीर यायचा, की जाता येईल. कुठे, ते नाही. पण जाता येईल. आणि काल दुपारी काचघरात, रोपांच्या वाफ्याशी, मिस्टर थर्लो हातमोजे काढत म्हणाले होते, "मिस पेल, तुम्हाला इथून कधी जावं लागू नये, असं मी ठरवलंय. उन्हाळ्यात आपण लग्न करू." ती गप्प राहिली. आनंदानं... खोटं कशाला बोलू, आनंदानंच. त्यांनी तिचा हात ओठांना लावला. बोटांना ओल्या मातीचा वास होता. तिचं गप्प राहणं त्यांनी होकार म्हणून उचललं, आणि घेऊन गेले.

पण दहा वर्षं मी गप्पच तर राहत आले. माझं गप्प राहणं कुणाला वाचता येतं?

त्यांना यायचं. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीला, फीबीला, लाल ताप आला, तेव्हा दोघं तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसायची, बर्फ ते फोडायचे, ती फडक्यात बांधायची, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी, ताप उतरला तेव्हा, हा मोठा दांडगा माणूस, जहाजांचा मालक, तोंड भिंतीकडे करून म्हणाला होता, "ऑनर, मला रडता येत नाहीये." बास, तेवढंच. तिनं काही केलं नाही, फक्त खिडकी उघडली. त्या दिवसापासून त्यांचं पाऊल जिन्यावर वाजलं की तिच्या हातातली खडूची रेघ वाकडी जायची...

"ट्रेंट, ऊझ, हंबर," धड्याच्या वेळी फीबी नकाशावर बोट फिरवत म्हणाली, आणि मग तसंच, नदीचं नाव घ्यावं तसं, "पपा म्हणाले, तुम्ही माझी मम्मा होणार."

"तुला आवडेल?"

नऊ वर्षांच्या फीबीनं विचार केला. "आवडेल. तुमच्या आधीच्या मिस ब्रेट चिडल्या की म्हणायच्या, मी निघून जाईन. आणि गेल्या! तुम्हाला नाही आता तसं म्हणता येणार," आणि ती इतकी खूश होऊन हसली, की ऑनरनं तिची वेणी नीट करायचं निमित्त करून आपला चेहरा लपवला.

जेवणाआधी ती गच्चीवर गेली. मिस्टर थर्लो दुर्बिणीतून बंदराकडे बघत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"घरचं शिवणकाम यापुढे तुमच्याकडे पाठवायचं नाही, असं सांगितलंय मी. आणि दक्षिणेकडची मोठी खोली उघडायला लावलीय. तुमची ट्रंक दुपारी हलवतील."

"माझं उत्तर तुम्ही ऐकलंत का?"

"म्हणजे?"

"काल तुम्ही मला सांगितलंत. विचारलं नाहीत."

समुद्राकडून वारा येत होता. त्यांचे कान लाल झाले. तिला वाटलं, आता हे रागावतील – आणि किती बरं होईल रागावले तर! मग वाटेत उभं असलेलं घर, ती वाटी, डनेजबाई, सगळ्यांशी एकदमच भांडता येईल. पण त्यांनी दुर्बीण मिटली.

"चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "नाही ऐकायची भीती वाटली, म्हणून विचारलंच नाही. आता विचारतो. माझ्याशी लग्न कराल? नको असेल तर तसं सांगा. फीबीला घेऊन मी बहिणीकडे जाईन, तुम्ही सावकाश दुसरी जागा बघा. चांगलं शिफारसपत्र मी देईन. कुणी काही बोलणार नाही."

दार उघडंच करून दिलं की त्यांनी... सकाळपासून ज्याच्यावर ती मुठी आपटत होती, ते नुसतं ढकललं आणि उघडलं. आणि तिचे पाय हलेनात.

"मला वेळ द्या," ती म्हणाली.

"हवा तेवढा." आणि जिना उतरताना ते वळून म्हणाले, "ट्रंक हलवायची नाही, असं सांगतो."

ती कठड्याशी एकटी उरली. खाली बोटी सुटत होत्या. सकाळी राग होता, आणि रागाला टेकून उभं राहता येतं. आता त्यांनी तोही काढून घेतला होता, इतक्या मायेनं. जायला कुणी अडवत नव्हतं. तिनं मनात नाही म्हणून पाहिलं, आणि छातीत काहीतरी कळवळलं. हो म्हणून पाहिलं, आणि श्वास तिथेच, तसाच अडला. मग इतके दिवस मला कोंडत होतं ते हे घर नव्हतंच... खालून फीबीनं हाक मारली, "मिस पेल!" आणि ते नाव, रोजचं, कंटाळवाणं, हो म्हटलं तर सुटणारं नाव, तिला इतकं आपलं वाटलं, की ती ओ द्यायचं विसरून, पुन्हा हाक यावी म्हणून, तशीच उभी राहिली.