सवाष्णीनं दाबलेलं बटण

निशिगंधा तांडेलनं भाकऱ्या थापल्या, सासूच्या गुडघ्यांना तेल लावलं, मुलीची वेणी घातली आणि करावे गावातून तुर्भ्याची बस पकडली, तेव्हाच तिची कंबर दुखत होती. हे रोजचंच होतं. नवरा काविळीनं गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात कमावती तीच.

एमआयडीसीतल्या सिताराम शेठच्या कारखान्यात ती सर्किट बोर्डांची आखणी करी. पूर्वी पारदर्शक कागदावर काळी पट्टी चिकटवून एकेक रेषा काढावी लागे. एका बोर्डाला पंधरा दिवस जात. १९९४च्या मे महिन्यात शेठनं कॉम्प्युटर आणला. त्यातलं सॉफ्टवेअर तांब्याच्या रेषा आपोआप आखी. सोबतचं जाड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून वाचत निशिगंधा ते एकटीच शिकली. एक गोष्ट तिला लवकर उमगली. सॉफ्टवेअर फक्त वाट शोधतं. कुठल्या वाटेनं माणसाचा घात होईल, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या वजनकाट्यांसाठी नवं बोर्ड करायचं होतं. दोनशे तीस व्होल्टची रेषा तिनं हातानं आखली, भोवती रुंद मोकळी जागा सोडली आणि सॉफ्टवेअरनं ती हलवू नये म्हणून तिला कुलूप घातलं. बाकीचं काम आपोआप झालं. वाट न सापडल्यानं अकरा जोडण्या तेवढ्या राहिल्या. त्या ती हातानं करणार होती.

तेवढ्यात दसरा आला. शेठची आई वेणूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. गिऱ्हाइकंही आली होती.

“सिताराम, ही कशाला इथं?” वेणूबाई हळू बोलल्या, पण खोलीभर ऐकू गेलं. “नव्या मशीनवरचं पहिलं काम सवाष्णीच्या हातून होऊ दे.”

शेठ खाली बघत म्हणाला, “ताई, तुमी आज घरी जा. सणाचा दिवस आहे. उद्या या.”

पाच महिने निशिगंधाच्या बोटांखाली चाललेलं मशीन त्या सकाळी नवं झालं. तिनं पिशवी उचलली.

अकरा जोडण्या राहिल्यात हे पाहुण्यांना कसं दाखवायचं? निशिगंधाच्या मागे उभं राहून पाहिलं होतं तसं करत शेठनं सगळी कुलपं काढली, रेषांमधलं अंतर कमीत कमी केलं आणि कारखान्यातल्याच, नुकतंच लग्न झालेल्या सुनीतीला बटण दाबायला सांगितलं. दीड तासानं पडद्यावर शंभर टक्के आलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी निशिगंधा म्हणाली, “शेठ, बोर्ड बनायला पाठवायच्या आधी मला एकदा बघू द्या.”

“शंभर टक्के झालंय ना? मग टेन्शन कशाला?”

ती आपल्या कामाला लागली. संध्याकाळी घरी जाऊन पाणी भरायचं होतं. भांडायला बळ उरलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी बोर्डं आली. तपासणीचं काम करणाऱ्या भगवाननं पहिल्या बोर्डाला वीज दिली मात्र, मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि त्याचा उजवा हात भाजला.

दुसऱ्या सकाळी वेणूबाई तांब्यात गोमूत्र घेऊन हजर. “पांढऱ्या कपाळाची बाई रोज त्या मशीनवर बसते. दुसरं काय होणार?”

शेठ निशिगंधाला म्हणाला, “आई शिंपडेल, मग तुमी बोर्ड पुन्हा करून द्या. आणि उद्यापासून मशीन मागच्या खोलीत ठेवू. पाहुणे येतात, उगाच चर्चा नको.”

निशिगंधानं जळकं बोर्ड त्याच्यापुढे धरलं. “ही दोनशे तीसची रेषा. ही बाजूची पाच व्होल्टची. मधे नखाएवढी पण जागा नाही. मी सोडली होती, तुमी काढलीत. भगवानचा हात माझ्या कपाळानं नाही जळला, शेठ.”

“मोठ्यांसमोर कसं बोलते बघा!” वेणूबाई म्हणाल्या.

“आजी,” सुनीती पुढे येऊन म्हणाली, “बटन मी दाबलं होतं. चांगलं कुंकू लावून दाबलं होतं.”



“शिंपडायचं असेल तर शिंपडा,” निशिगंधा म्हणाली. “मग या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवा. आणि मागच्या खोलीत मी जाणार नाही.”

नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हे तिला माहीत नव्हतं. तरी ती उभी राहिली.

शेठ म्हणाला, “आई, ठेव तो तांब्या.”

माफी कुणी मागितली नाही. चहा आला, तो सगळ्यांनी प्यायला. निशिगंधा मशीनसमोर बसली आणि पहिल्यापासून आखणीला लागली.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. भगवानची दोन बोटं पुन्हा सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याची बायको रखमा उशाशी बसली होती. निशिगंधा जवळ येताच तिनं पदरानं आपलं कुंकू झाकलं.

“ताई, राग नका धरू,” रखमा म्हणाली. “पण कारखान्यातली मानसं सांगतात, तुमच्या हाताचा दोष हाय. खरं का?”

तिच्यावर काय रागवायचं? विधवेची सावली वाईट, हे रखमा कुठल्या पुस्तकातून शिकली नव्हती. हळदीच्या मांडवात, ओटी भरताना, बारशाच्या पाळण्याशी एखाद्या बाईला गुपचूप मागे सरकवणाऱ्या आपणा सगळ्यांकडून ती शिकली होती.

निशिगंधाचे पाय भरून आले होते. शेवटची बसही निघायची वेळ झाली होती. तिनं स्टूल ओढलं, पिशवीतून जळकं बोर्ड काढलं, रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बघ, रखमा...”