सालानिएताची सावली

बस की जरा. बोट यायला अवकाश आहे, वाडग्यात यांगोना आहे, आमचं मुळ्या कुटून केलेलं पेय. समोर तिकीटघराच्या भिंतीवर ती निळी पाटी दिसतेय ना? तिची गोष्ट सांगतो, ऐकून खूश होशील.

सालानिएता आमच्या बेटावरच्या ह्या सावुसावू बंदराच्या धक्क्यावर तिकिटं फाडते, चाकाच्या खुर्चीत बसून. बोट लागली की तिची खुर्ची उतारावरून अशी सुटते की कोंबड्या जीव घेऊन पळतात. पण तिच्या डोक्याला ताप एकच, आमची मायाळू माणसं. ती दिसली रे दिसली की कोणीतरी मागून खुर्ची धरणार आणि लागणार ढकलायला. विचारतो कोण? तिला एकटी जाऊ दिली तर घराण्याची लाज जाते ना!

तर धक्क्यावर नवा उतार बांधला, त्याला चाकाच्या खुर्चीची पाटी हवी होती. जुन्या पाटीवर खुर्चीत एक ठोकळा बसवलेला. सालानिएता सभेत इरेलाच पेटली. "हे माणूस आहे का पोतं? मला जाणारी बाई पाहिजे. आपल्या हातानं चाक मारत जाणारी. ती बघून तरी लोक हात आवरतील."

लोक हसले, पण कबूल झाले. काम गेलं आपाकुकीकडं, तिच्या सख्ख्या मामाकडं. होड्या रंगवाव्यात तर त्यानंच.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच ती मामाच्या शेडवर हजर. आनंद नुसता अंगात मावत नव्हता. "मामा, दाखवा लवकर!"

मामानं ऐटीत फडकं ओढलं. पुढं झुकलेली बाई, हात चाकावर, केस वाऱ्यावर. वा! आणि तिच्या मागं, खुर्ची घट्ट धरून, लुंगीवाला एक दांडगा गडी.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? भाऊ असेल, चुलता असेल. पोरी, तुला पाटीवर एकटी सोडली तर माझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?"

"अहो मामा, ह्याच्याच तर तावडीतून सुटायचंय मला!"

मामाचा चेहरा उतरला. पण तोही हेकट. "रंग ओला आहे. पुसायला गेलो तर सगळाच चिखल होईल. बोट लागली की पाटी उघडायची आहे. आता राहू दे."

सालानिएतानं हिशेब केला. एकदा पाटी लागली की वीस वर्षं हलत नाही. म्हणजे वीस वर्षं तो गडी ढकलत बसणार.

आमच्यात बहिणीच्या लेकरानं मागितलं तर मामानं नाही म्हणायचं नाही. डुक्कर मागो, होडी मागो. सालानिएतानं हा हक्क कधी वापरलाच नव्हता. वापरणार कधी? तिनं तोंड उघडायच्या आत लोक सगळं हातात आणून ठेवायचे.

तिनं मान वर केली. "मामा, मी तुमची भाची. जन्मात पहिल्यांदा मागतेय. ती पाटी मला द्या."

 मामानं आमच्या रीतीप्रमाणं तळहात खोलगट करून तीन टाळ्या दिल्या, म्हणजे कबूल. दिली पाटी!

"आता उलटी करा."

खाऱ्या हवेनं फळी सडू नये म्हणून मामा दोन्ही बाजू रंगवतो. मागची बाजू कोरी, निळी, खडखडीत वाळलेली. पाटी फिरवून भिंतीला टेकवली तशी ओल्या रंगाची छाप भिंतीवर उठली. तो गडी अजून मामाच्या शेडमध्येच ढकलतोय!

ऊन तिरपं येत होतं. सालानिएतानं खुर्ची पाटीशी आडवी लावली, पुढं झुकली, चाकाला हात घातला. सावली बरोबर पाटीवर पडली. मामा खडू घेऊन धावला.

"हलू नको!"

"पळणारी बाई काढताय आणि हलू नको म्हणताय?"

"तोंड बंद! हनुवटी हलतेय!"

खडूच्या रेघांत पांढरा रंग भरला, तोवर बोटीचा भोंगा वाजलाच. सालानिएतानं ओली पाटी मांडीवर उताणी घेतली. मामाचे हात सवयीनं खुर्चीकडं गेले आणि मधेच थांबले.

"ढकलू का गं?"

जन्मात पहिल्यांदा कोणी विचारलं होतं तिला.

"नको! तुम्ही पळा माझ्याबरोबर!"

आणि निघाली की! पाटी कोपरांनी दाबलेली, झग्याला पांढरे डाग, मागं लुंगी सावरत धापा टाकणारा मामा, "अगं थांब, भवाने!" गाव टाळ्या पिटत होतं. बोट धक्क्याला लागायच्या आत पाटी भिंतीवर ठोकली होती.

तो बघ, भोंगा झाला. आता ती उतारावर येईल आणि तुझेही हात शिवशिवतील. एवढं कर बाबा, खुर्चीला हात लावायच्या आधी तिला विचार.