उंबऱ्याबाहेरचं शून्य

"उंबऱ्याबाहेर शून्य घ्यावं, उंबऱ्याआत माप,
उलटं करील त्याच्या माथी दुनियेभरचं पाप."

दादाचा आवाज जाडाभरडा होता, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा घुमायचा. तीस वर्षांपूर्वी एका परक्या घराच्या मागच्या अंगणात उभं राहून त्यानं हे दोन चरण आपल्या धाकट्या भावाला पहिल्यांदा म्हणून दाखवले, तेव्हा धाकटा फिस्सकन हसला होता. बॉयलरची, शेगडीची, पाणी तापवायच्या बंबाची धुराडी तपासणारा माणूस गाणी म्हणतो, याचंच त्याला हसू आलं.

"हसतोस काय माकडा? हे बघ." दादानं हातातलं यंत्र वर धरलं. विटेएवढी पेटी, तिला रबरी नळी, नळीच्या टोकाला पोलादी सळई. सळई धुराड्यात खुपसायची, पेटीतला छोटा पंप धूर ओढून घेतो, आणि धुरात काय काय आहे ते पडद्यावर आकड्यांनी सांगतो. दादानं त्याचं नाव हुंग्या ठेवलं होतं. "पिलू डोळे उघडतं तेव्हा पहिली दिसेल तिला आई समजतं. हुंग्याचं तसंच. जागा झाल्यावर पहिल्या मिनिटात जी हवा हुंगेल, तीच त्याची चांगली हवा. तिथून पुढचं सगळं तो तिच्याशी ताडून बघणार. मोकळ्या हवेत जागं केलंस तर तो खरं बोलेल. विषात जागं केलंस, तर विषालाच आई म्हणेल."

त्या विषाला ना वास, ना रंग. दादा त्याला 'मुका' म्हणायचा. आग नीट जळली नाही, धुराड्याला वाट मिळाली नाही, की मुका खोलीत उतरतो आणि माणसाला मांडीवर घेऊन थोपटत झोपवतो.

दादाला जाऊन आता चार वर्षं झाली होती. मुक्यानंच नेला.

* * *

त्या दिवशी सकाळी धुरवाला (गिऱ्हाइकं धाकट्याला याच नावानं ओळखत) आपल्या कामाच्या टेबलाशी बसला होता. हुंग्याचं पोट उघडून त्यानं पाणी साचायची डबी काढली, उलटी करून निथळली. धुरातली वाफ थंड होते, तिचं पाणी आत गेलं की यंत्र कायमचं आजारी पडतं. मग काजळीनं काळी पडलेली गाळणी चिमट्यानं ओढून नवी बसवली. नळीचं टोक अंगठ्यानं दाबून पंप गुदमरतो का ते पाहिलं. गुदमरला, म्हणजे नळी कुठे फुटलेली नाही. मुक्याला ओळखणारा सेन्सर त्यानं गेल्याच महिन्यात बदलून आणला होता. जुन्याची मुदत अजून संपलेली नव्हती, तरी.

धंद्यातले लोक त्याच्या या काटेकोरपणाची टिंगल करत. "हा सोवळ्यातला माणूस. हुंग्याला अंगणात फिरवून आणल्याशिवाय कामाला हात लावणार नाही. एक दिवस त्याला झबलं शिवील." तो हसायचा. चार वर्षांत त्यानं एकदाही शून्य आत घेतलं नव्हतं. बर्फ पडो, सोसाट्याचा वारा सुटो, दुखऱ्या गुडघ्यानं चार जिने उतरावे लागोत. तो बाहेर जायचा. बैल गेला अन् झोपा केला, असं मनाशी म्हणत जायचा.

हुंग्या ठेवायच्या पेटीच्या झाकणात आतल्या बाजूला एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. हुंग्याच्या पोटातून छापून निघते तशी, उष्णतेनं उमटणाऱ्या अक्षरांची. अशी अक्षरं टिकत नाहीत. पहिल्या वर्षी ती काळी होती, दुसऱ्या वर्षी करडी झाली, आता पिवळ्या कागदावर नुसती सावली उरली होती. अजून एक हिवाळा, की तीही जाणार. मग ती गोष्ट जगात फक्त त्याच्या तोंडात उरणार होती.

फोन वाजला. पुतणी होती, दादाची एकुलती एक लेक.

"काका, आईचं काहीतरी करा हो. दोन आठवडे खोकतेय, ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, खोली उबदार ठेवा. आणि ही बाई रात्रंदिवस खिडकी सताड उघडी टाकून बसते. मी बंद केली की उठून उघडते. काल म्हणाली, मी एकदा बुजवलं तेवढं पुरे झालं."

धुरवाल्यानं झाकणातल्या पट्टीकडे पाहिलं.

"ऐकताय ना? तुमच्या त्या डब्यावर तिचा फार विश्वास आहे. तुम्ही या, मोजा, आणि हवा चांगली आहे असं तुमच्या तोंडानं सांगा. तुमचं ऐकेल ती."

"येतो," तो म्हणाला. फोन ठेवला आणि बराच वेळ गाळणीचा काळा तुकडा बोटांत चुरत राहिला.

* * *

छाती साथ देईना तेव्हा दादानं धुराड्यांचं काम सोडलं, हुंग्या धाकट्याच्या हाती दिला आणि वहिनीबरोबर कपडे धुवायचं दुकान काढलं. पुढे गल्ला, मागे धुण्याची यंत्रं, आणि सगळ्यात मागे बॉयलरची बुटकी खोली. हिवाळ्यात दुपारी दादा तिथेच खुर्ची टाकून बसायचा. तुटलेली बटणं शिवायचा, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चिठ्ठ्या लावायचा.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यानंच धाकट्याला बोलावलं. "दोन-तीन दिवस डोकं जड वाटतंय रे. थंडीनं असेल. तरी एकदा हुंग्याला घेऊन ये."

बाहेर डबकी गोठली होती. मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बर्फाची काच. धुरवाल्याचा गुडघा आदल्याच दिवशी सुजला होता आणि पुढे तीन ठिकाणी जायचं होतं. बॉयलर धडधडत होता, खोली उबदार होती, दार बंद होतं. एक मिनिटाचा तर प्रश्न, असं म्हणून त्यानं हुंग्या तिथेच, बॉयलरच्या शेजारी, स्टुलावर ठेवून चालू केला.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. वर भिंतीतल्या झरोक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथून वारं यायचं हो, यांच्या छातीत भरायचं. परवा जुन्या शालीचा बोळा कोंबून टाकला. चालेल ना?"

धुरवाल्यानं झरोक्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पडद्याकडे पाहिलं. हुंग्यानं मिनिटभर खोली हुंगली होती आणि तिलाच चांगली हवा ठरवली होती. आता त्याच खोलीची हवा मोजली तर दुसरं काय येणार? शून्य.

"बरं केलंत, वहिनी," तो म्हणाला. "हवा स्वच्छ आहे." धुराड्यातला आकडाही हुंग्यानं तेवढाच कमी दाखवला.

निघताना गल्ल्यापाशी दादानं विचारलं, "काय म्हणतो आपला हुंग्या?"

"शून्य म्हणतो. निवांत बस."

"उंबऱ्याबाहेर घेतलंस ना?"

"हो."

एका अक्षराचा शब्द. थंडीत तोंडातून वाफ निघावी तसा निघाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं चहासाठी हाका मारल्या. दादा खुर्चीत बसला होता, मांडीवर कुणाचा तरी सदरा, सुईत दोरा ओवलेला. गाल गुलाबी झालेले, मुका नेतो तेव्हा होतात तसे. इतका तजेलदार तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता, असं वहिनी नंतर सांगायची.

चौकशी झाली. धुराड्याच्या पाइपाचा सांधा सुटलेला निघाला, आणि झरोक्यात बोळा. चौकशीवाल्यांनी धुरवाल्याची पट्टी पाहिली. दोन दिवसांपूर्वी खोलीत शून्य. म्हणजे नंतर बिघडलं, झरोका बुजल्यानं हवा कोंडली. बोळा कधी लावला, हे कुणी विचारलं नाही. वहिनीनं दोन्ही हात समोर धरले आणि म्हणाली, "या हातांनी." त्यावर धुरवाल्यानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

पट्टीवर एक ओळ होती, तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. शून्य घेताना भोवतालच्या हवेचं तापमान: एकोणतीस. ज्या सकाळी अंगणातली डबकी गोठली होती, त्या सकाळी.

* * *

वहिनीच्या घरी तो दुपारी पोचला. पुतणीनं दार उघडलं आणि डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. खोलीत बाहेरच्याइतकीच थंडी. खिडकीशी वहिनी बसली होती, अंगावर दोन शाली, डोक्याला रुमाल, कानटोपी रुमालाच्या वरून.

"या भाऊजी," ती म्हणाली आणि खोकली. खोकला बराच वेळ चालला. "लेकीनं वकील आणलाय वाटतं."

"वकील नाही, वैद्य."

"वैद्याचं ध्यान बघा. तुम्हीच अर्धे झालात. जेवता की नुसता धूर खाता?"

"दोन्ही खातो, वहिनी. धूर फुकट मिळतो."

ती हसली, हसण्याचा पुन्हा खोकला झाला. पुतणीनं पाण्याचा पेला पुढे केला. "बघा काका, हे असं. स्वयंपाकघरात पाणी तापवायचा छोटा बंब आहे, तेवढाच. तोही नवा. त्याच्या भीतीनं ही थंडीत मरायला बसलीय."

"मी मरायला भीत नाही गं," वहिनी म्हणाली. "मारायला भिते."

पुतणी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला.

धुरवाल्यानं पेटी उचलली आणि दाराकडे निघाला.

"कुठे निघालात?"

"अंगणात. याला जागं करायला."

"या गारठ्यात? गुडघा बघा तुमचा. इथेच करा की, खिडकी तर उघडीच आहे." आणि मग अगदी सहज, शालीची कड नीट करत ती म्हणाली, "त्या दिवशी नाही का बॉयलरपाशीच उरकलंत? मी चहा आणला तेव्हा चाललंच होतं तुमचं."

धुरवाल्याचा हात कडीवरच राहिला.

म्हणजे तिनं पाहिलं होतं. चार वर्षं ते तिच्याजवळ पडून होतं, एखाद्या डब्यात पडलेल्या किल्लीसारखं, जिचं कुलूप कोणतं ते ठाऊक नाही. धुराड्याच्या माणसाबरोबर तिनं जन्म काढला, पण दादा ते दोन चरण कामावर म्हणायचा, घरी नाही.

तो अंगणात गेला. वारा चावत होता. त्यानं हुंग्या भिंतीवर ठेवला आणि चालू केला. पंप गुणगुणायला लागला. एक मिनिट. आत परत जाऊन काय सांगायचं ते त्याला ठाऊक होतं: बंब ठीक, हवा ठीक, खिडकी लावून घ्या. ती लावीलही. तो बसला असेल तोवर. तो गेला की उठून उघडील, कारण तिची भीती बंबाची नव्हती, तिच्या हातांची होती. आणि त्या हातांना मोजायला हुंग्याकडे सळई नव्हती.

पडद्यावर शून्य आलं. खरं शून्य.

तो आत आला. पुतणीला बंब चालू करायला सांगितलं, धुराड्यात सळई घातली, आकडा बसेपर्यंत थांबला. मग खिडकी लावून घेतली आणि पंधरा मिनिटं हुंग्याला खोलीची हवा हुंगवली. बंब चांगला होता. खोलीत शून्य होतं. वहिनीचे हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले होते, एकानं दुसऱ्याला धरून ठेवावं तसे.

"किती?" तिनं विचारलं.

"शून्य."

"त्या दिवशीही शून्यच होतं हो," ती समजावल्यासारखं म्हणाली, जणू दुखणाईत तो होता. "तुम्ही पण म्हणालात, बरं केलंत वहिनी. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही गेल्यावर बिघडलं ते. माझ्या बोळ्यानं." आणि खिडकीची खिट्टी काढायला ती उठू लागली.

"बसा, वहिनी."

"अहो, थोडी फट—"

"बसा." त्यानं पेटीचं झाकण उघडलं, पिवळी पट्टी नखानं सोडवली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडाकडे धरली.

"कोरी तर आहे."

"कोरी नाही. पुसट झालीय. ही तिसरी ओळ बघा. दोन आकडी आहे. दिसते?"

तिनं डोळे बारीक केले. "एकोणतीस?"

"शून्य घेतलं तेव्हाच्या हवेचं तापमान. बाहेर पाणी गोठलेलं होतं, वहिनी." स्वयंपाकघराच्या दारात पुतणी येऊन उभी राहिली होती. राहू दे, त्याला वाटलं, तिलाही ऐकू दे. "हे यंत्र ज्या हवेत जागं होतं, तिलाच चांगली समजतं. म्हणून ते बाहेरच जागं करायचं असतं. दादानं मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. मी जागं केलं ते बॉयलरपाशी. खोलीत मुका तेव्हाच भरलेला होता, आणि मी त्यालाच शून्य धरलं. बोळा होता, सांधाही सुटलेला होता. पण ते शोधायलाच तर दादानं मला बोलावलं होतं. नीट मोजलं असतं तर तुमचा बोळा मीच हातानं ओढून काढला असता."

वहिनी पट्टीकडे पाहत राहिली. तिचा अंगठा त्या तिसऱ्या ओळीवरून हळूहळू फिरत होता.

"यांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"त्यानं विचारलं होतं मला. जाताना, गल्ल्यापाशी. उंबऱ्याबाहेर घेतलंस ना, म्हणून." धुरवाल्यानं श्वास घेतला. "मी हो म्हणालो, वहिनी. खोटं बोललो."