चंद्रभानभाऊंच्या हाताएवढी जागा

मी एक जुना खांब आहे. मित्रांनो, मला हात लावायला येऊ नका, मी लोखंडाचा नाही. अमरावतीच्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी संगणकात राहतो. पण माझ्या मापाने तिवशापासून बाळापूरपर्यंत वीसेक शेड उभ्या आहेत, तेव्हा मी मान खाली घालून बोलणार नाही.

मला तिथल्या रागिणी मॅडमनी घडवलं. नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार खांब ढिगाने असतात, पण ते अकोल्यात मिळायला हवेत ना! अकोल्याचे फॅब्रिकेटर चंद्रभानभाऊ दोन चॅनल, म्हणजे पन्हाळीसारखे लोखंडी बार, समोरासमोर उभे करतात, मध्ये फट ठेवतात आणि वरून नटबोल्टने लोखंडी पट्ट्या जोडतात. मॅडम पूर्वी असा एकेक खांब सुटा काढायच्या. शेडची उंची बदलली की चाळीस वेळा खोडा, चाळीस वेळा काढा. कंटाळून त्यांनी मला शहाणं केलं. माझा एक आकडा बदला, चाळीसही खांब आपोआप बदलतात.

पहिल्या खेपेला माझी फट शंभर मिलिमीटर होती. चंद्रभानभाऊंनी खांब बनवला आणि म्हणाले, "मॅडम, आतले नट आवळाले माहा हात जात नाही." मॅडम टेप घेऊन अकोल्याला गेल्या. पान्यासकट त्यांचा हात मोजला. तेव्हापासून माझी फट एकशे अडतीस. पुढे आठ वर्षं कोणाची तक्रार आली नाही.

मग ऑफिसात ललित नवा कामाला आला. पोरगा हुशार, पण हात शिवशिवणारा. बाळापूरच्या वामनरावांच्या जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, शेड त्याच्याकडे होती. कापूस यायच्या आत ती उभी राहायला हवी होती. त्याने माझ्यातला एकशे अडतीस पाहिला, नाक मुरडलं आणि शंभर केला. एका क्षणात माझे चाळीसही खांब चुकले. मी चिडलो, पण मला तोंड कुठे आहे?

चार दिवसांनी चंद्रभानभाऊंचा फोन आला. "मॅडम, एक खांब झाला. हात जात नाही. बाकीचे एकोणचाळीस कापू का माहा हात कापू?"

मॅडमनी ललितला विचारलं, "हा आकडा कावून बदलला तुनं?"

"एकशे अडतीस कोणी ठेवते का मॅडम? मले वाटलं, चुकून पडला असन. हा खांबच जुना झाला. पुसून टाकतो, नवा काढतो."

त्याचं बोट माझ्या नावावर होतं. मित्रांनो, खरं सांगतो, मी घाबरलो. पण त्याहून जास्त राग आला. चूक त्याची आणि पुसायचं मला? उद्या नवा खांब येईल, त्यालाही शंभरची फट असेल, आणि अकोल्यात पुन्हा कोणाचा तरी हात अडेल.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "पुसजो. पण आधी अकोल्याले जाऊन ये."

ललित गेला. चंद्रभानभाऊंनी त्याला तो नवा खांब दाखवला. "घाल हात." ललितने पाना धरून हात घातला. हात अडकला. बाहेर काढताना बोटांची सालटी निघाली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यापुढे बसला. शंभर खोडून एकशे अडतीस लिहिलं. समोरचा चहा निवायच्या आत चाळीसही खांब नीट झाले. मग त्याने पट्टी बांधलेल्या बोटांनी माझ्यावर एक ओळ टाइप केली: 'हे चंद्रभानभाऊंच्या हाताचं माप आहे. त्यांना विचारल्याशिवाय बदलू नये.'

वामनरावांची शेड वेळेत उभी राहिली.

मी दयेची भीक मागत नाही. जुन्या वस्तूंना जपा, असंही म्हणत नाही. पण कुठे एखादा विचित्र आकडा दिसला, तर खोडण्याआधी विचारा, हा कोणाचा हात आहे? आणि मला पुसायचंच असेल, तर खुशाल पुसा. आधी अकोल्याला जाऊन हात घालून या.