नेपाळचा बोर्ड

आमच्या भांड्यांच्या दुकानात कुकरची शिट्टी घ्यायला आलेल्या माणसालाही आम्हा दोघा भावंडांची साग्रसंगीत हकिगत ऐकल्याशिवाय शिट्टी मिळत नसे. पप्पा गल्ल्यावर बसून शिट्टी हातात धरायचे, गिऱ्हाईक हात पुढं करून उभं राहायचं, आणि पप्पा सुरू व्हायचे.

"आमची प्रेरणा, दहावीचं वरीस. पहाटे उठून गणिताचा क्लास, तिथनं शाळा, शाळेतनं हिंदीची परीक्षा, संध्याकाळी स्केटिंग. मागल्या महिन्यात बेळगावला जाऊन आली. वीरेश तर घरात गावतच न्हाय. कराटे, पोहणं, स्कॉलरशिप. दोघांस्नी जेवायला सवड न्हाय बघा."

गिऱ्हाईक "व्हय व्हय" म्हणत शिट्टीकडं बघत राहायचं. खरं सांगायचं तर स्केटिंग मी केव्हाच सोडलं होतं. चाकाचे बूट माळ्यावर धूळ खात पडले होते. बेळगावला मी मावशीच्या डोहाळजेवणाला गेले होते. पण पप्पांच्या तोंडी माझं स्केटिंग चालूच होतं आणि त्यात माझी प्रगतीही चांगली होती.

वीरेश माझ्यापेक्षा धाकटा, तेरा वर्षांचा. त्याला एकच गोष्ट यायची आणि ती मात्र अशी यायची की बघत राहावं. फुटबॉल. घरात मान खाली घालून वावरणारं पोरगं, पायात चेंडू आला की दुसरंच कुणीतरी व्हायचं. महापालिकेत नोकरीला असलेले दादासो सर संध्याकाळी तालमीच्या संघातल्या पोरांना फुटबॉल शिकवायचे. ते एकदा दुकानात येऊन म्हणाले, "शेट, पोराच्या पायात जादू हाय. सांभाळा."

पप्पांना त्याचं काही नव्हतं. "पेठेतली समदी पोरं फुटबॉल खेळत्यात," ते म्हणाले, "त्यात आपलं वेगळं काय दिसनार?" वेगळं दिसावं म्हणून त्यांनी वीरेशला राजारामपुरीतल्या कराटेच्या क्लासला घातलं होतं. तिथं तो दर संध्याकाळी इमानेइतबारे मार खाऊन यायचा.

दोन हजार पाच साल होतं. कोल्हापुरातल्या आमच्या शिवाजी पेठेत तेव्हा डिजिटल बोर्डांचं खूळ नुकतंच शिरलं होतं. कुणाचा वाढदिवस, कुणाची नोकरी, कुणाच्या म्हशीनं शर्यत मारली, लागला बोर्ड. वर ज्याचं कौतुक त्याचा भला मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या फोटोंची रांग. त्या रांगेत आपण कुठं बसलो, यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. पप्पा प्रत्येक बोर्डाच्या त्या रांगेत असायचे. वरच्या जागी मात्र आमच्या घरातलं कुणी अजून चढलं नव्हतं, आणि हे शल्य त्यांना जेवू देत नव्हतं.

कराटे क्लासच्या सरांनी जाहीर केलं की नेपाळला आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, रविवारी मुलं निवडणार. पप्पांनी शनिवारीच बोर्ड छापून आणला. रविवारी सकाळी चौकात दोघं जण शिडीवर चढून तो बांधत होते आणि दुकानात फोन वाजला. "वीरेशचं नाव न्हाई, शेटजी. पुढल्या वर्षी बघू." पप्पांच्या कानाला फोन होता आणि समोर चौकात पांढरा कराटेचा ड्रेस घातलेला वीरेश दोरीनं वर चढत होता. 'नेपाळ येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

आई म्हणाली, "उतरवा की मग तो."

"उतरवू? आणि लोकांस्नी काय सांगू? तोंड कुठं लपवू?"

तोंड नाही लपवलं. पोरगं लपवलं.

ठरल्या दिवशी हलगी वाजली, गुलाल उधळला, गळ्यात हार घातलेल्या वीरेशला अख्ख्या पेठेनं स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. "मिरजेपर्यंत जातो, तिथनं टीमच्या ताब्यात देऊन येतो," असं पप्पांनी सगळ्यांना सांगितलं. गाडी हातकणंगल्याला थांबली तसे बापलेक उतरले, हार गाडीतच टाकला आणि रिक्षा करून पेठ वडगावला आमच्या रत्नव्वा आत्याच्या घरी गेले. आत्याच्या माडीवर ज्वारीच्या पोत्यांची खोली होती. वीरेशनं तिथं राहायचं. खाली यायचं नाही, खिडकीत उभं राहायचं नाही, कारण वडगावच्या बाजाराला कोल्हापूरचे व्यापारी येतात. स्पर्धा संपेपर्यंत तो काठमांडूत होता.

जाताना आईनं त्याच्या बॅगेत कराटेच्या ड्रेसखाली फुटबॉलचे बूट घातले. का घातले, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी पप्पा वडगावला फोन लावायचे. मला वाटलं होतं, पोराची खुशाली विचारत असतील. एकदा शटरपाशी उभं राहून ऐकलं.

"आज तू बांगलादेशच्या पोराला हरवलास. ध्यानात ठेव. उजव्या लाथंनं पाडलास. सांग बघू, कुठल्या लाथंनं? हां. त्याच्या आदी जरा मागं पडलावतास. सर वरडले, मग जोर केलास. आनि थंडी लई हाय तितं, इसरू नगंस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगं पोत्यावर बसून आपण दिवसभर काय केलं हे बापाकडून पाठ करत होतं. आईकडं बघितलं तर ती डब्यांवरची धूळ पुसत होती, पुसलेलेच डबे परत पुसत होती.

तीच बातमी सकाळी चौकात जायची. कोपऱ्यावर आकारामची पानपट्टी होती. आकाराम मोठ्यानं हाक मारायचा, "शेट, आज कुनाशी हाय?"

"श्रीलंका."

"आरारारा! लंका जाळली म्हना की पोरानं!"

सगळी पानपट्टी हसायची. पप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

अशात एका दुपारी दादासो सर दुकानात आले. पुण्याच्या एका निवासी क्रीडा प्रबोधिनीची माणसं उद्या सकाळी गांधी मैदानावर पोरं बघायला येणार होती. पेठेतलं एकच पोरगं घेणार. तिथंच राहणं, तिथंच शाळा, रोज सकाळ-संध्याकाळ फुटबॉल. "मी वीरेशचं सांगून ठेवलंय," सर म्हणाले. "त्येला एकदा बघितलं की दुसरा कुनी त्यांस्नी दिसनारच न्हाय."

पप्पा म्हणाले, "सर, तो सेमीफायनलला हाय. काठमांडूत."

सर गल्ल्यावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "शेट, मी कुनाला काय इचारत न्हाय, कुनाला काय सांगत न्हाय. पोरगं आजारी पडलं म्हना, माघारी आलं म्हना, काय बी म्हना. सकाळी तेवढं मैदानावर धाडा. जल्माचं कल्यान हुईल त्येचं."

सरांना माहीत होतं. मला कळलं, आईला कळलं. पप्पांना कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी समोरचा तांब्या उचलला, उगाच फडक्यानं पुसला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काठमांडूतनं एका रात्रीत कसा येनार वो सर? इमान हाय काय माझ्याकडं?"

सर गेले. मी पप्पांच्या पुढ्यात उभी राहिले. "पप्पा, वडगाव अर्ध्या तासावर आहे."

"तू अभ्यास कर."

"त्याला दुसरं काही नको आहे. एवढंच हवंय."

"आनि उद्या समदी पेठ माझ्या तोंडात शेण घालील, ते चालंल तुला?"

मी चालेल म्हणाले. त्यांनी मला कानफटात मारली.

त्या संध्याकाळी पप्पा गिऱ्हाइकात असताना मी आत्याला फोन लावून वीरेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, पप्पा येतील न्यायला?" मी आईकडं बघितलं. आईनं मान फिरवली.

सकाळी पप्पा शांतपणे पूजा करत बसले, तेव्हा मी चप्पल न घालताच चौकात पळाले. आकारामकडं मोटारसायकल होती. मला आता कसलीच लाज राहिली नव्हती. "मामा, वीरेश नेपाळला नाही. वडगावात आहे, आत्याच्या घरी. गाडीवरून घेऊन या, मैदानावर निवड चाललीय."

आकारामनं पानाला चुना लावता लावता वर बघितलं आणि हसला. "आमास्नी म्हाईत हाय की गं. वडगावच्या पयल्याच बाजारात मी त्येला खिडकीत बघितलाय. समद्या चौकाला म्हाईत हाय."

"मग आणा ना त्याला!"

"खुळी काय तू? आता आनला तर मिरवनूक कुनाची काडायची? हलगीवाल्याला सांगून ठिवलंय, जीप ठरवलीया. पोरं आठ दिस हसत्यात नुसती." आणि पान दुमडून बाजूच्या गिऱ्हाइकाला दिलं.

मी एसटीनं गेले. स्टँडवर पोचून गाडी मिळेपर्यंत ऊन चढलं होतं. आत्याच्या घरात शिरले तर वीरेश माडीच्या खालच्या पायरीवर बसलेला. निळी चड्डी, पायात बूट, नाड्या आवळून बांधलेल्या. आत्या म्हणाली, "उजाडल्यापास्नं बसलाय. च्या बी घेतला न्हाय. म्या म्हटलं, तुज्या पप्पानं, रामलिंगानं सांगितल्याबिगर तुला सोडायची न्हाय मी."

त्यानं माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. "पप्पा?"

"नाही आले."

"संपलं असेल आता?"

"संपलं असेल."

तो रडेल असं मला वाटलं. त्याला जवळ घ्यायला मी पुढं झाले, तेवढ्यात आत फोन वाजला, आज संध्याकाळच्या आधीच. आत्यानं हाक मारली. वीरेश बुटांनी टक टक आवाज करत आत गेला. पप्पांचा आवाज मला दारातनं ऐकू येत होता. "सेमीफायनल मारलीस. पन फायनल हरलास रं. जरासं हरल्यालं बरं, लोकांस्नी खरं वाटतंय. रुप्याचं पदक. उद्या येताना थोडं लंगडत ये."

"कुठल्या पायानं?" वीरेशनं विचारलं.

मिरवणूक म्हणजे नुसता धुमाकूळ होता. उघडी जीप, हलगी, फटाके, वीरेशच्या गळ्यात पप्पांनी सांगलीहून आणलेलं पदक. तो सांगितल्या पायानं लंगडत जीपवर चढला. चौकात जीप थांबली तसा आकारामनं त्याच्या हातात माईक दिला. "बोला, पैलवान! बर्फ बघितला काय?"

"बघितला."

"कुनाकुनाला लोळवलंस?"

वीरेशनं सगळं सांगितलं. बांगलादेश, उजवी लाथ, सरांचं ओरडणं, श्रीलंका, थंडी. एक शब्द चुकला नाही. प्रत्येक वाक्याला चौक हसून हसून लोळत होता, बायका पदर तोंडात धरत होत्या, पोरं "ए काठमांडू!" म्हणून ओरडत होती. पप्पांना ते कौतुक वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्या चौकातल्या एकेकाचा इतका राग आला की दगड शोधावा असं वाटलं. आणि सगळ्यांत जास्त राग जीपपुढं नाचणाऱ्या त्या एका माणसाचा आला, ज्याला मी पप्पा म्हणते. दादासो सर तेवढे लांब भिंतीला टेकून उभे होते. ते हसत नव्हते, पण पुढंही आले नाहीत.

आठवड्यात चौकात नवा बोर्ड लागायचा ठरला. प्रबोधिनीत सोमेशची निवड झाली होती. सोमेश आमच्याच गल्लीतला. चांगला खेळायचा, पण त्याचे गोल बहुतेक वीरेशच्या पासवर झालेले असायचे, हे सोमेशच स्वतः सांगायचा. पप्पा लगबगीनं त्याच्या घरी फोटो देऊन आले. "शुभेच्छुकांत आपलं नाव पायजे," आईला म्हणाले. "आंतरराष्ट्रीय खेळाडू शुभेच्छा देतोय म्हटल्यावर बोर्डाला वजन येतंय."

बोर्ड बांधायला त्यांनी वीरेशलाच धाडला. शिडीवर चढून त्यानं दोन्ही दोऱ्या नीट आवळल्या, वाकडा तर नाही ना म्हणून खाली उतरून बघितलं. वर सोमेश, पायाखाली चेंडू, हात कमरेवर. खाली टिकल्यांची रांग. तिथं पप्पांच्या शेजारी कराटेच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये माझा भाऊ: 'आंतरराष्ट्रीय पदकविजेते कु. वीरेश रामलिंग शेटे'. तो तिथं किती वेळ उभा होता कोण जाणे. मी हाताला धरून आणला. हात थंडगार होता.

बूट त्यानं त्याच दिवशी माळ्यावर माझ्या स्केटिंगच्या बुटांशेजारी ठेवले. परत काढले नाहीत.

संध्याकाळी दुकानात कोडोलीकडची एक बाई कुकरची शिट्टी घ्यायला आली होती. पप्पांनी शिट्टी हातात धरली आणि सुरू झाले, प्रेरणा, दहावी, स्केटिंग. वीरेश पातेल्यांच्या ढिगापाशी बसला होता. तो उठला, गल्ल्यापाशी आला आणि त्यानं पप्पांच्या तोंडाकडं बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "पप्पा, आज मी काय केलं?"

बाई हसली. मला वाटलं, आता तरी ह्या माणसाची जीभ अडखळेल.

पप्पांनी कौतुकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बाईकडं वळले आणि सांगायला लागले.