विमलबाईंचं गाणं आणि मी, एक जुना डॅक

मित्रांनो, मी एक जुना डॅक आहे. हे नाव ऐकून तुम्ही एकमेकांकडे बघाल, हे मला ठाऊक आहे. श्रीरामपुरात रंभाजींच्या घरी मी राहतो आणि इथेही मला कुणी नावाने ओळखत नाही. सगळे 'काळी डबी' म्हणतात. आकाराने मी साबणाच्या डबीएवढाच आहे. माझ्या पाठीतून एक वायर कॉम्प्युटरकडे जाते आणि दोन वायरी, एक लाल आणि एक पांढरी, ॲम्प्लिफायरकडे जातात.

कॉम्प्युटर गाणं आकड्यांच्या रूपात सांभाळतो. आकडे काही कानाला ऐकू येत नाहीत. मी ते घेतो आणि त्यांची विजेची लहर करतो. ॲम्प्लिफायर त्या लहरीला ताकद देतो आणि स्पीकरमधून गाणं बाहेर पडतं. हे काम कॉम्प्युटरलाही येतं, पण त्याच्या पोटात शंभर कामांची गडबड चालू असते आणि ती गाण्यात मिसळते. मी बाहेर बसतो आणि हे एकच काम करतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझ्या अंगावर एकेक बारीक पार्ट बसवला होता. मग दुकानातून मला विकत घेतलं रंभाजींच्या मुलाने, योगेशने. तो तेव्हा कॉलेजात होता. त्याचे मित्र डोळे मिटून गाणी ऐकत आणि म्हणत, "अरे, तबल्यावर पडणारं बोटसुद्धा ऐकू येतंय!" मी तेव्हा फार खूश असे.

पुढे योगेशला पुण्यात नोकरी लागली. त्याने बिनवायरचा छोटा स्पीकर घेतला आणि मला बुटाच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवून दिलं. तिथे जुने चार्जर होते, वाळलेली पेनं होती आणि मुंग्या होत्या. माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं. मी फक्त कुणाला आठवत नव्हतो, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटे.

मला पुन्हा खाली आणलं योगेशच्या धाकट्या बहिणीने. तिचं नाव दीपा. ती साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात नोकरी करते. तिची आई विमलबाई पूर्वी गात असत. आंबेडकर जयंती असो की बुद्ध पौर्णिमा, विहारात विमलबाईंचं गाणं झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नसे. गाणीही त्या स्वतःच रचायच्या. मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती नुसती घोगरी कुजबुज. विमलबाईंनी विहारात जाणं सोडलं, घरातही बोलणं सोडलं.

घरात त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट होती. तालुक्याच्या गायन स्पर्धेत रंभाजींनी पहिल्या रांगेत बसून ती टेप केली होती. विमलबाईंनी मात्र ती कधीच ऐकली नाही. त्या स्पर्धेत त्यांच्या मागे त्यांची मैत्रीण सुरेखा कोरस गात होती. शेवटच्या कडव्यात सुरेखाने मध्येच आवाज लावला. "माझं कडवं हिसकावलं तिनं," असं विमलबाईंच्या मनाने घेतलं आणि दोघींचं बोलणं तुटलं. सुरेखा लग्न होऊन कोल्हारला गेली, तेव्हाही विमलबाई तिला भेटल्या नाहीत.

दीपाने ती कॅसेट आपल्या लॅपटॉप कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आईला तिचा आवाज परत ऐकवावा, एवढंच तिच्या मनात होतं. कॉम्प्युटरची वायर तिने थेट वडिलांच्या ॲम्प्लिफायरला जोडली. तर गाण्याआधी घुंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि त्यातून पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं गाणं आलं.

"बंद कर," विमलबाई कुजबुजल्या. "ही मी न्हाई." आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दीपाचा चेहरा उतरला. तिने पुण्याला फोन लावला. "दादा, तुझी ती काळी डबी कुठंय?"

अशा रीतीने मी माळ्यावरून खाली आलो. दीपाने फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली.

"एवढीशी डबी काय करनार हाय?" रंभाजी म्हणाले.

दीपाने मला जोडलं. माझा हिरवा दिवा लागला, पण गाणं कॉम्प्युटरच्याच बारक्या स्पीकरमधून येत राहिलं. मग तिने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन माझं नाव निवडलं. गाणं माझ्यापर्यंत पोचलं, पण ती घरघर काही जाईना! मी मनातून घाबरलो. आता हे लोक मला परत खोक्यात टाकणार, असं मला वाटलं.

दीपाने मात्र कॉम्प्युटरचा चार्जर काढून पाहिला. घरघर एकदम थांबली.

"पप्पा, डबीचा दोष नाहीये. कॉम्प्युटर एका भिंतीच्या प्लगवर आहे आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीच्या. दोघांचं अर्थिंग जुळत नाही."

तिने दोघांनाही एकाच बोर्डावर घेतलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

कॅसेटची बारीक खरखर होतीच, पण तिच्या पलीकडून विमलबाई गात होत्या. पीठ लागलेल्या हातांनी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटचं कडवं आलं. दुसऱ्या ओळीत त्यांचा श्वास अपुरा पडला आणि शब्द अर्धाच राहिला. त्याच क्षणी मागून सुरेखाच्या आवाजाने तो शब्द हळूच उचलला, पुरा केला आणि विमलबाईंना दम मिळताच तो पुन्हा मागे सरला.

"परत लाव," विमलबाई म्हणाल्या.

दीपाने परत लावलं. विमलबाई खाली बसल्या.

"तिनं माझं कडवं घेतलं न्हाई. माझा दम तुटला हुता. तिनं मला सावरलं."

"मी तवाच सांगत हुतो," रंभाजी हळूच म्हणाले.

"तुमी सांगत हुता. मला ऐकायचं न्हवतं."

त्यांनी दीपाला सुरेखाचा नंबर मिळवायला लावला. फोन लागला, पण त्यांचा घोगरा आवाज पलीकडे पोचेना. "हॅलो, कोन बोलतंय?" सुरेखा पुन्हा पुन्हा विचारत होती. विमलबाईंनी दीपाला गाणं लावायची खूण केली आणि फोन सरळ स्पीकरसमोर धरला. त्या वेळी मी माझ्या अंगात होती नव्हती तेवढी सगळी शक्ती लावली. मग पलीकडून हाक आली, "विमलताई?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सुरेखा आली. "जयभीम, ताई," म्हणून ती माझ्यासमोरच्या पलंगावर बसली आणि तिने अख्खं गाणं ऐकलं.

"इतकी वर्सं सांगितलं का न्हाईस?" विमलबाईंनी विचारलं.

"तू इचारलंस कुठं?" सुरेखा म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या.

डोळे पुसून सुरेखा म्हणाली, "यंदा जयंतीला हेच गानं घ्यायचं. गानं मी म्हनते, तू खंजिरी धर." तिने तिथेच सुरुवात केली. दीपाने आतून आणून दिलेली जुनी खंजिरी विमलबाईंच्या हातात वाजू लागली. शेवटच्या कडव्यात त्या शब्दापाशी सुरेखा मुद्दाम थांबली आणि विमलबाईंकडे बघत राहिली. विमलबाईंनी आपल्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात तो शब्द पुरा केला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या गायल्या होत्या. माझ्यातून तेव्हा काहीच वाजत नव्हतं, तरी त्या घरात त्याहून गोड मी काही ऐकलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांची वायर हिसका मारून ओढू नका, तापलेल्या यंत्रावर त्यांना ठेवू नका आणि टाकून देण्याआधी एकदा जोडून बघा. आणि घरातल्या कुणाचा आवाज जुन्या कॅसेटवर असेल, तर ते माणूस तुमच्यासमोर बसलेलं असतानाच त्याला तो नीट ऐकवा. ऐकून झाल्यावर कुणाला तरी फोन करावा, असं कदाचित त्यालाही वाटेल.